इमारत आणि तिचे पर्याय: मराठीतील मोठ्या बांधकामांची नावे

‘इमारत’ हा मोठ्या बांधकामासाठी मराठीत वापरला जाणारा सर्वांत व्यापक शब्द आहे. तो मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला. अरबीतील मूळ धातूचा अर्थ वस्ती करणे, आबाद करणे, नांदते ठेवणे असा होतो आणि बांधण्याचा अर्थ त्याला जोडून येतो. बांधणाऱ्या कारागिराला फारसी-उर्दूत ‘मेमार’ म्हणतात, तो शब्दही याच धातूचा. उस्मानी तुर्कस्तानात हाच शब्द ‘इमारेत’ या रूपात मशिदीलगतच्या अन्नछत्रासाठी रूढ झाला. मराठीत मात्र अन्न आणि वस्ती दोन्ही मागे पडून बांधलेली वस्तू एवढाच अर्थ उरला. संयुक्त अरब अमिरातीच्या नावातला शब्द कानाला जवळचा वाटला, तरी तो ‘अमीर’ या शब्दाच्या कुळातला आहे. त्याचा इमारतीशी संबंध नाही.

मराठीत इमारतीचे तीन अर्थ आढळतात. पहिला आजचा रूढ अर्थ: भिंती, छप्पर आणि बहुधा मजले असलेले पक्के बांधकाम. दुसरा जुना अर्थ: बांधण्याचे काम आणि त्या कामाची प्रत. शिवकाळातील राज्यकारभाराच्या ज्या ‘बारा महालां’ची यादी मिळते, तिच्यात पोते, कोठी, पागा, टंकसाळ यांच्या जोडीने ‘इमारत’ हे स्वतंत्र खाते आहे. तिथे इमारत म्हणजे एखादे घर नव्हे, तर राज्याचे सगळे बांधकाम. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडाच्या इमारतीचा विचार होतो, तेव्हा त्यात तट, बुरूज, चिलखत, पडकोट हे सगळे येते. गडावर राजमंदिराखेरीज थोर इमारतीचे घर नसावे, असा दंडकही तिथे सांगितला आहे. या वापरात इमारत म्हणजे बांधणीचा दर्जा. ‘इमारती लाकूड’ या शब्दात हा जुना अर्थ अजून शिल्लक आहे: जळणाचे नव्हे, बांधकामाच्या कामी येणारे लाकूड. तिसरा अर्थ लाक्षणिक आहे. युक्तिवादाची, संस्थेची किंवा संसाराची इमारत उभी राहते, डळमळते किंवा कोसळते.

या शब्दाचे समानार्थी म्हणून कोशांत जे शब्द मिळतात, त्यांची संख्या मोठी आहे: वास्तू, भवन, सदन, प्रासाद, महाल, वाडा, हवेली, गढी, कोट, इमला, चाळ, संकुल, मनोरा. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘वाडा’ म्हटले की राहणाऱ्याची प्रतिष्ठा सांगितली जाते, ‘कोट’ म्हटले की संरक्षण, ‘भवन’ म्हटले की सार्वजनिक काम, ‘चाळ’ म्हटले की भाड्याच्या खोल्यांची रांग. यांतला प्रत्येक शब्द बांधकामाबद्दल काहीतरी जास्तीचे सांगतो. ‘इमारत’ मात्र बांधलेले आहे यापलीकडे काही सांगत नाही. कायद्याने, पालिकेने आणि वर्तमानपत्राने तिला जवळ केले, ते याच गुणामुळे. पुढील विवेचनात हे शब्द त्यांच्या थरांनुसार घेतले आहेत. उदाहरणे शक्य तिथे वसई-विरार परिसरातील आहेत. विरार पूर्वेच्या चंदनसारपासून काही किलोमीटरच्या टापूत मौर्यकालीन बंदराच्या खुणांपासून आजच्या टॉवरपर्यंत जवळजवळ प्रत्येक थराचा नमुना सापडतो.

संस्कृत थर: वास्तू, भवन, मंदिर, प्रासाद

‘वास्तू’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूवरून आला. संस्कृतात तो घर बांधायची जागा आणि घर या दोहोंना लागू होतो. वास्तुशांत करताना यजमान जागेची आणि घराची शांत एकत्रच करतो, त्यामागे हाच दुहेरी अर्थ आहे. आधुनिक मराठीत वास्तू हा आदराचा शब्द झाला. जुन्या, देखण्या किंवा इतिहास घडलेल्या बांधकामाला वास्तू म्हणतात. चार मजली साध्या निवासी इमारतीला कोणी वास्तू म्हणत नाही, मात्र तिच्यातल्या सदनिकेत राहायला जाताना वास्तुशांत केली जाते. शब्द ऐतिहासिक ठेव्यासाठी वापरला, तर ‘वारसा वास्तू’ असा सरकारी पर्याय तयार होतो.

अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील पुरवर्गात घरांच्या नावांची मोठी यादी आहे आणि तिच्यात मालकानुसार भेद केलेला आहे. धनिकांचे निवास ते हर्म्य, देवांचे आणि राजांचे ते प्रासाद, राजाचे घर ते सौध. सौध हा शब्द ‘सुधा’ म्हणजे चुना यावरून आला: चुन्याने पांढरे केलेले घर. आज मराठीत हर्म्य आणि सौध काव्यापुरते उरले आहेत. कर्नाटकात मात्र विधिमंडळाच्या बंगळुरू येथील इमारतीला ‘विधान सौध’ म्हणतात, तर महाराष्ट्रात त्याच कामाच्या इमारतीला ‘विधान भवन’. प्रासाद शब्दाला मराठीत दोन जागा मिळाल्या. सामान्य वापरात तो राजवाडा, तर मंदिरस्थापत्याच्या परिभाषेत गाभारा आणि शिखरासह देवालयाचा मुख्य भाग.

‘मंदिर’ हा शब्द मुळात कोणत्याही निवासासाठी होता. आज्ञापत्रातील ‘राजमंदिर’ म्हणजे राजाचे राहते घर. पुढे एकट्याने येणारे ‘मंदिर’ देवाचे झाले आणि जुना अर्थ समासांत टिकला: विद्यामंदिर, वाचनमंदिर, रंगमंदिर, समाजमंदिर. गावोगावची समाजमंदिरे सभा, लग्ने आणि शिबिरांसाठी बांधलेली सार्वजनिक सभागृहे असतात, तिथे मूर्ती असतेच असे नाही. ‘देऊळ’ या तद्भव शब्दाचा प्रवास वेगळा आहे. देवकुल म्हणजे देवाचे घर, त्याचे देऊळ झाले. राजकुल म्हणजे राजाचे घर, त्याचे ‘राऊळ’ झाले. पण राऊळ पुढे राजाला सोडून देवाकडे गेले आणि आज ते देवळाचाच पर्याय आहे.

‘भवन’ आणि ‘सदन’ या दोन्ही शब्दांचा अर्थ घर असाच, पण प्रशासनाने त्यांची वाटणी केलेली दिसते. भवन हे कार्यालयाचे किंवा संस्थेचे असते: पंचायत भवन, साहित्य संस्थेचे भवन. सदन निवासाकडे झुकते: दिल्लीतील महाराष्ट्र सदन हे उतरण्याचे ठिकाण आहे. फ्लॅटसाठी घडवलेला ‘सदनिका’ हा शब्द त्यातूनच निघाला आणि करारनाम्यांत पक्का बसला. बोलण्यात मात्र फ्लॅटच चालतो. विधिमंडळाचे सभागृह या अर्थी ‘सदन’ हा तिसरा वापरही रूढ आहे.

तटबंदीचा थर: कोट, गड, किल्ला, बुरूज

कोट, गड आणि दुर्ग हे भारतीय शब्द, तर किल्ला अरबी ‘कल्आ’वरून आलेला. रोजच्या बोलण्यात ते अदलाबदलीने येतात, तरी छटा वेगळ्या आहेत. गड डोंगरावरचा. कोट म्हणजे तटाने वेढलेली जागा, बहुधा सपाटीवरची. भुईकोट हा शब्द त्यामुळेच सहज तयार झाला. किल्ला या सगळ्यांना व्यापतो. पाण्यातल्या किल्ल्यासाठी ‘जंजिरा’ हा शब्द आहे. तो ‘जझीरा’ म्हणजे बेट या अरबी शब्दाचे मराठी रूप. विरारच्या पश्चिमेला समुद्रात असलेला अर्नाळ्याचा किल्ला, ज्याची मराठेशाहीतील उभारणी पहिल्या बाजीरावाच्या काळात १७३७ मध्ये झाली, तो या अर्थाने जंजिरा होय.

गड शब्दाचा अर्थ विरारमध्ये आणखी एका दिशेने विस्तारलेला दिसतो. विरार पूर्वेच्या डोंगरावर जीवदानी देवीचे मंदिर आहे आणि भाविक ‘गडावर जाऊन आलो’ असे म्हणतात. तटबुरूज डोळ्यांसमोर असण्याची गरज त्यांना वाटत नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या बाबतीतही हाच वापर आहे. डोंगर आणि देवी एकत्र आले की गड शब्द पुरतो.

‘कोट’ शब्दाची व्याप्ती दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण नालासोपाऱ्यात आहे. तिथल्या एका मातीच्या उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या मधोमध एक दगडी करंडक होता आणि त्यात बुद्धांच्या आठ धातुमूर्ती व भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. सोपाऱ्याचे, म्हणजेच प्राचीन शूर्पारक बंदराचे महत्त्व त्यातून स्पष्ट झाले. पण शब्दाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बौद्ध परंपरा विसरली गेल्यावर लोकांनी त्या प्रचंड ढिगाऱ्याला आपल्याला ठाऊक असलेल्या मोठ्या बांधकामाचे नाव दिले. काय आहे ते कळत नसेल, पण मोठे आणि जुने आहे हे कळत असेल, तर तो कोट. आज तिथे ‘स्तूप’ हा शास्त्रीय शब्द आणि ‘कोट’ हे लोकांचे नाव, दोन्ही चालतात.

‘बुरूज’ हा अरबी ‘बुर्ज’चा मराठी अवतार. तटाच्या कोपऱ्यावर किंवा वळणावर बाहेर काढलेला हा भाग तोफा ठेवण्यासाठी आणि तटाच्या पायथ्यावर नजर ठेवण्यासाठी असतो. वसईचा किल्ला या शब्दाचा पाठच म्हणता येईल. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी तिथे तटबंदीचे शहरच वसवले. बुरुजांना त्यांनी ख्रिस्ती संतांची नावे दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला, तेव्हा सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून तो उडवणे ही लढाईतली निर्णायक घटना ठरली. बुरूज ढासळला की तट उघडा पडतो. ‘पक्षाचा बुरूज ढासळला’ हा वर्तमानपत्री वाक्प्रचार या युद्धशास्त्रावरच उभा आहे.

‘बालेकिल्ला’ या शब्दातील ‘बाला’ म्हणजे फारसीत वरचा. डोंगरी किल्ल्यावरचा सर्वांत उंच, शेवटचा आश्रय तो बालेकिल्ला. सपाटीवरच्या किल्ल्यातही आतल्या तटबंद भागाला हाच शब्द लावतात, तिथे उंचीचा अर्थ गळून शेवटचा आश्रय हा अर्थ राहतो. राजकारणात एखाद्या पक्षाच्या हमखास मतदारसंघाला बालेकिल्ला म्हणतात, तो याच दुसऱ्या अर्थाने.

पोर्तुगीजांनी वसईवर दोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले. त्यांच्या भाषेतून मराठीत आलेल्या शब्दांत इमारतींच्या नावांपेक्षा बांधकामाच्या रोजच्या सामानाचे शब्द टिकले आहेत. घमेले आणि चावी हे शब्द त्यांचे. कारागिराला ‘मेस्त्री’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘मेस्त्र’ म्हणजे उस्ताद या शब्दावरून. मिरवणाऱ्या वास्तूंचे शब्द सत्तेबरोबर गेले आणि गवंड्याच्या हातातले शब्द राहिले.

निवासाचा थर: वाडा, गढी, हवेली, महाल

‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा यावरून आला. म्हणून त्याचे अर्थ दोन दिशांनी गेले. एका दिशेला कुंपणातली वस्ती: गुरांचा वाडा, गावातला एखाद्या जातीचा किंवा व्यवसायाचा वाडा. दुसऱ्या दिशेला भिंतीने बंदिस्त, चौकाभोवती बांधलेले सरदार-सावकाराचे घर. दिंडीदरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, दिवाणखाना, परसू ही त्याची अंगे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. तो राजप्रासाद असूनही पेशव्यांनी त्याला महाल म्हटले नाही, वाडाच म्हटले. १८२८ च्या आगीत आतले लाकडी बांधकाम जळाले आणि आज दिसतात ते तट, दरवाजे व जोती. ‘वाड्यावरून बोलावणे आले’ या वाक्यात वाडा म्हणजे घर नसून घरातली सत्ता असते.

मराठीत पुल्लिंगी रूप मोठ्या वस्तूचे आणि स्त्रीलिंगी रूप लहान वस्तूचे, अशी जोडी पुष्कळदा दिसते. गाडा-गाडी तशीच वाडा-वाडी. पण वाडी म्हणजे लहान वाडा नव्हे. वाडी ही वस्ती आहे किंवा बाग आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, पानवेली आणि फुलझाडे ज्या जमिनीत होतात तिला वाडी म्हणतात, आणि पूर्वेच्या डोंगराकडील आदिवासी वस्तीला पाडा. १९८०-९० च्या दशकांत या भागाच्या नागरीकरणाला विरोध करत हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते. त्या वादात ‘वाडी की इमारत’ हा जमिनीच्या वापराचा प्रश्न होता.

‘गढी’ हे गडाचे लहान रूप अर्थानेही लहान आहे: देशमुख-पाटलांचा तटबंद वाडा, देशावर पुष्कळदा पांढऱ्या मातीचा. वाडा आणि किल्ला यांच्या मधली ही पायरी. ‘हवेली’ शब्दाचा प्रवास आणखी वेगळा. मोठे प्रशस्त घर हा अर्थ उत्तर भारतात प्रबळ राहिला. मुसलमानी राजवटीत मुख्य ठाण्याभोवतालच्या परगण्यालाही हवेली म्हणत आणि पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्याचे नाव त्याच वापरातून आले. ‘महाल’चेही तसेच. अरबीत त्याचा अर्थ केवळ ठिकाण. त्यापासून मराठीत एकीकडे राजाचा महाल झाला, तर दुसरीकडे महसुलाचा महाल आणि त्याचा अधिकारी महालकरी. वर उल्लेखिलेले बारा महाल म्हणजे बारा खाती, बारा राजवाडे नव्हेत. जुने कागद वाचताना हा फरक न पाळल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

‘बंगला’ हा शब्द बंगालच्या घरबांधणीवरून आला. इंग्रजी अमदानीत तो बागेतल्या स्वतंत्र घरासाठी रूढ झाला. वाडा रस्त्याला भिंत दाखवतो आणि आत चौकात उघडतो. बंगला उलटा, चारही बाजूंनी बाहेर उघडणारा. मराठी मध्यमवर्गाच्या घराच्या कल्पनेत झालेला बदल या दोन शब्दांत मावतो.

शहराचा थर: चाळ, बिल्डिंग, सोसायटी, टॉवर

मुंबईत गिरण्या वाढल्या तशी ‘चाळ’ वाढली: लांब गॅलरी, तिच्यावर ओळीने उघडणाऱ्या खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि संडास. सरकारी चाळींचे मोठे उदाहरण म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी. वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७. तळमजला आणि वर तीन मजले अशी त्यांची सिमेंट-काँक्रीटची बांधणी. बाहेरून पाहिले तर ती भक्कम इमारत आहे, पण नाव चाळच राहिले. कारण नाव मजल्यांवरून पडले नव्हते, राहण्याच्या रीतीवरून पडले होते. त्यांचा पुनर्विकास सुरू होऊन वरळीत २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना उंच इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

विरार, नालासोपारा आणि चंदनसार भागात चाळ शब्दाचा अर्थ बदलतो. इथली चाळ बहुधा ‘बैठी’ असते: एकमजली, पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पत्र्याच्या छपराची, ओळीने चार-आठ-दहा खोल्यांची. मुंबईकराला चाळ म्हटले की जिना आणि गॅलरी आठवते, तर इथल्या माणसाला दारासमोरची गल्ली. ‘रूम’ हा शब्दही इथे खोली या अर्थाने न येता चाळीतले संपूर्ण घर या अर्थाने येतो. ‘रूम घेतली’ म्हणजे घर घेतले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल धावली, तेव्हापासून हा भाग मुंबईशी लोकलने जोडलेला आहे. मुंबईत न परवडलेली माणसे इथे आली, आणि त्यांच्या सोबत आलेले शब्द इथल्या घरांवर थोड्या वेगळ्या अर्थाने बसले.

‘बिल्डिंग’ हा शब्द आता मराठी बोलीचा भाग आहे. इमारत आणि बिल्डिंग यांत अर्थाचा फरक नाही, प्रसंगाचा आहे. ‘आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी नाही’ हे बोलणे, ‘इमारतीस पाणीपुरवठा होत नाही’ हा अर्ज. ‘सोसायटी’ म्हणजे खरे तर इमारत नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली ती सदस्यांची संस्था. पण ‘सोसायटीचा रंग गेला’ असे म्हणताना संस्था आणि भिंती एक होतात. ‘अपार्टमेंट’ला कायद्यात वेगळा अर्थ आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० नुसार प्रत्येक मालकाकडे आपली सदनिका आणि जमिनीसह सामाईक भागांतला अविभक्त हिस्सा असतो, तर गृहनिर्माण संस्थेत इमारतीची मालकी संस्थेकडे असते. इमारतीच्या पाटीवर अपार्टमेंट लिहिलेले असले, तरी कागदोपत्री ती सोसायटी असू शकते.

‘गाळा’ हा जुना शब्द नव्या कामाला लागलेला. मुळात दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. त्यावरून दुकानाचा गाळा आला आणि वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत छोट्या कारखान्याची जागा म्हणजे गाळा झाली. म्हाडाच्या भाषेत राहत्या घरालाही गाळा म्हणतात. ‘इमला’ हा शब्द जमिनीपासून वेगळे केलेले बांधकाम दाखवतो. जमीन एकाची आणि इमला दुसऱ्याचा असू शकतो, घर पाडल्यावर निघालेले वासे-विटा-खिडक्या म्हणजे इमला माल. इमारतीचा हा एकच पर्याय असा आहे की जो मालकीच्या प्रश्नासाठीच राखून ठेवावा.

उंचीच्या शब्दांत ‘मजला’ मूळचा अरबी ‘मंझिल’, म्हणजे प्रवासातला मुक्काम. मजल दरमजल करत जाणाऱ्या सैन्याची मजल आणि घराचा मजला एकाच घराण्यातले. ‘मनोरा’ हाही अरबी, दिव्याच्या जागेवरून आलेला. मशिदीचा, दीपगृहाचा आणि आता विजेच्या वाहिन्यांचा मनोरा तो हाच. माणसे राहतात त्या उंच इमारतीला मनोरा हा शब्द छापील मराठीत येतो, बोलण्यात टॉवर. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अग्निसुरक्षेसाठी १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला ‘उंच इमारत’ धरले आहे. लोकांचा टॉवर मात्र उंचीइतकाच लिफ्ट, पार्किंग आणि पहारेकरी यांवरून ठरतो.

कायद्याचा थर: परवानगी, जोते, भोगवटा, धोका

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. चार नगरपालिका आणि परिसरातील ग्रामपंचायती तिच्यात आल्या. चंदनसार हे तिच्या एका प्रभाग समितीचे, ‘सी’ प्रभागाचे, ठिकाण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. ग्रामपंचायतीच्या काळात बांधलेली घरे आणि पालिकेच्या परवानगीने बांधलेल्या इमारती इथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. इमारतीची कायदेशीर व्याख्या त्यामुळे इथे पुस्तकी राहत नाही.

महानगरपालिका अधिनियमात इमारतीची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे. घर, तबेला, शेड, झोपडी, कोणत्याही साहित्याची बंदिस्त जागा, इतकेच नव्हे तर ओटा, जोते, पायरी आणि कुंपणभिंतही तिच्यात येते. रोजच्या मराठीत झोपडीला कोणी इमारत म्हणणार नाही, कायदा म्हणतो. कारण कायद्याला मोठेपणा मोजायचा नसतो, जमिनीवर काही उभे केले की नाही एवढेच पाहायचे असते. बांधकामाच्या टप्प्यांनाही नावे आहेत: प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्यापर्यंत काम झाल्यावर जोते तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट मजलाक्षेत्र बांधता येईल त्याचे प्रमाण. निर्देशांक १ असेल, तर १०० चौरस मीटरच्या भूखंडावर सर्व मजले मिळून १०० चौरस मीटर. चटई अंथरायच्या जागेवरून घडलेला हा शब्द पारिभाषिक असूनही ऐकताच कळतो.

इमारत जुनी किंवा कच्ची झाली की तिच्यामागे विशेषणे लागतात. ‘अनधिकृत’ हे परवानगीबद्दल आहे, ‘धोकादायक’ हे मजबुतीबद्दल. एक लागले की दुसरे लागतेच असे नाही. संरचनात्मक तपासणीनंतर पालिका इमारतींचे गट पाडतात: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे न रिकामी करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. विरार पूर्वेच्या विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली अनधिकृत इमारतीचा एक भाग २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. बेघर झालेल्या कुटुंबांची सोय चंदनसारच्या समाजमंदिरात करण्यात आली. अशा बातम्यांत येणारे शब्द, म्हणजे विंग, भाग, ढिगारा, अनधिकृत, धोकादायक, नुकसानभरपाईच्या आणि गुन्ह्याच्या कागदांतही येतात. ते नेमके असणे त्यामुळे गरजेचे ठरते. ‘इमारत कोसळली’ आणि ‘इमारतीचा भाग कोसळला’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

घर नसलेली बांधकामे

पूल, धरण, जलकुंभ, धक्का, बोगदा यांना मराठीत इमारत म्हणत नाहीत, कारण त्यांत वावरायला बंदिस्त जागा नसते. त्यांच्यासाठी ‘बांधकाम’ हा देशी शब्द आणि ‘संरचना’ हा परिभाषेतला शब्द आहे. विरारजवळचे पापडखिंड धरण किंवा वैतरणेवरचे रेल्वेपूल ही बांधकामे आहेत, इमारती नाहीत. जुन्या अर्थाने मात्र तीही इमारतीत आली असती, कारण तेव्हा इमारत म्हणजे काम होते. हे अर्थसंकोचाचे उदाहरण आहे: शब्द बांधण्याच्या क्रियेकडून बांधलेल्या घराकडे आकसला आणि मोकळी झालेली जागा बांधकामाने घेतली. ‘स्थापत्य’ हा शब्द या सगळ्या विद्येचा, ‘वास्तुकला’ हा तिच्या सौंदर्याचा. लेणे या सर्वांच्या बाहेर राहते. वेरूळचे कैलास लेणे दिसायला पूर्ण मंदिर असले, तरी ते बांधलेले नाही, कातळ काढून टाकत कोरलेले आहे. म्हणून त्याला वास्तू म्हणता येते, बांधकाम म्हणता येत नाही.

विशेषणे आणि वाक्प्रचार

प्रत्येक शब्दाची ठरलेली विशेषणे आहेत. इमारत टोलेजंग, गगनचुंबी किंवा बहुमजली. वाडा चिरेबंदी किंवा चौसोपी. किल्ला अभेद्य, बुरूज बुलंद, वास्तू देखणी किंवा ऐतिहासिक, घर कौलारू किंवा धाब्याचे. टोलेजंग वाडा चालतो, चिरेबंदी टॉवर चालत नाही, कारण चिरेबंदी म्हणजे घडीव दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेला. वाक्प्रचारांत ‘हवेत इमले बांधणे’ पोकळ बेतांसाठी, ‘बडा घर पोकळ वासा’ दिखाऊ मोठेपणासाठी, ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ पडत्या काळासाठी. घराच्या म्हणी वाशांवर आणि खांबांवर उभ्या आहेत, स्लॅब आणि कॉलमवर अजून एकही रूढ म्हण नाही. लाकडी बांधणीला जितका काळ मिळाला, तितका काँक्रीटला अद्याप मिळालेला नाही.

नवी बांधकामे विकताना जुन्या शब्दांचा मोठेपणा उसना घेतला जातो. चार-पाच मजल्यांच्या निवासी इमारतींना पॅलेस, कॅसल, हाइट्स, महाल, वाडा अशी नावे दिसतात. ती विशेषनामे आहेत, वर्णने नाहीत. कोशात त्यांची नोंद करताना हा भेद राखावा लागतो.

पर्यायाची निवड

लेखकाने किंवा भाषांतरकाराने मोठ्या बांधकामासाठी शब्द निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बांधकामाचा उपयोग: राहणे, राज्य करणे, पूजा, संरक्षण की सार्वजनिक काम. त्यावरून वाडा, प्रासाद, देऊळ, कोट आणि भवन वेगळे होतात. दुसरी, काळ: पेशवाईतल्या कथेत बिल्डिंग नको, आजच्या बातमीत सौध नको. तिसरी, प्रसंग: अर्ज, करार आणि न्यायालय यांत इमारत, सदनिका, इमला आणि गाळा यांचे ठरलेले अर्थ आहेत, तिथे शैलीसाठी शब्द बदलू नयेत. यांतले काहीच निश्चित नसेल, तेव्हा ‘इमारत’ वापरावी. ती कोणाची, कशासाठी, किती जुनी हे न सांगता फक्त उभी आहे एवढेच सांगते, आणि राहिलेले सांगण्याचे काम पुढच्या विशेषणावर सोपवते.